जळालेली कॉइल आणि सैल स्क्रू

तेलंगणातल्या बासरच्या आसपास गोदावरीकाठच्या शेतात मोटारीच्या स्टार्टरची पेटी उघडली, की आत कोपऱ्यात बऱ्याचदा एक लहानशी पिशवी सापडते. तिच्यात कोरी कॉइल असते. आहे ती जळेल तेव्हा बदलायला म्हणून आणून ठेवलेली. हद्दीपलीकडे महाराष्ट्रात धर्माबाद, उमरीच्या शिवारातही हेच दिसतं. ऐन भिजवणीच्या दिवसांत कॉइल गेली तर बाजार गाठून परत येईपर्यंत पाण्याची पाळी हुकते, त्यामुळे पिशवी ठेवणाऱ्याला मी दोष देणार नाही. पण त्या पिशवीत एक समजूतही बांधलेली आहे: कॉइल जळायचीच, फ्यूज उडायचाच, तारेच्या टोकाचा लग काळा पडायचाच. पाऊस पडावा तसं हे आपण धरून चाललो आहोत. ते तसं नाही, हे सांगण्यासाठी आणि तापण्याचं मूळ कसं शोधायचं हे दाखवण्यासाठी हा लेख आहे.

एक गोष्ट आधीच पक्की करू या. जळालेला भाग बहुतेक वेळा मार खाणारा असतो, मारणारा दुसरीकडे बसलेला असतो. लग जळाला म्हणून नवा लग, कॉइल जळाली म्हणून नवी कॉइल, असं करत राहिलात तर खर्च होत राहील आणि मूळ तिथंच राहील.

इथली अडचण थोडी वेगळीही आहे. बासरच्या काठाला येणारं पाणी हे खाली पोचमपाडला बांधलेल्या श्रीरामसागर धरणाचा फुगवटा. त्या धरणाची पायाभरणी पंडित नेहरूंच्या हातून २६ जुलै १९६३ रोजी झाली. पूर्ण पातळी १०९१ फूट. वरच्या अंगाला बाभळीचा बंधारा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालानुसार त्याचे दरवाजे दरवर्षी १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे असतात. म्हणजे पावसाळ्यात पाणी शेताच्या बांधापर्यंत चढतं आणि उन्हाळ्यात पात्रात दूर सरकतं. पाणी सरकलं की मोटार त्याच्या मागे जाते, आणि मोटारीच्या मागे केबल. केबल पुरत नाही, मग तिला तुकडा जोडला जातो. पुढच्या वर्षी आणखी एक. चार-पाच वर्षांनी त्या केबलीला इतके सांधे होतात, की मालकालाही मोजून सांगता येत नाहीत. तापण्याचा पहिला संशयित इथंच सापडतो.

थोडा हिशेब करू. तीन फेजची ५ अश्वशक्तीची मोटार पूर्ण भारावर साधारण साडेसात अँपिअर घेते. स्टार्टरपासून मोटारीपर्यंत ३०० मीटर केबल आहे आणि तिच्यातली तार अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची आहे असं धरा. एका तारेचा रोध सव्वादोन ओहमच्या आसपास येतो. करंटचा वर्ग गुणिले रोध, असं तिन्ही तारांचं मिळून पावणेचारशे वॉटच्या जवळपास उष्णता केबलीत जाते. अर्धी अश्वशक्ती नुसती केबल तापवण्यात! तरीही ती केबल जळत नाही, कारण ही उष्णता ३०० मीटरभर पसरलेली असते. आता एकच सैल सांधा घ्या. त्याचा रोध फक्त अर्धा ओहम. तिथं २८ वॉट उष्णता तयार होते, तीही हरभऱ्याएवढ्या जागेत. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे जी साधी डाग लावायची सोल्डरिंग गन असते ती २५ वॉटची असते आणि तिच्या टोकाला शिसं-कथील वितळतं. तेवढीच गन तुमच्या स्टार्टरच्या स्क्रूखाली तासन्‌तास चालू ठेवली, तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. तार मऊ पडते, तिचं प्लॅस्टिक कडक होऊन तडकतं, तांबं काळवंडतं. काळवंडल्यावर रोध आणखी वाढतो, आणि उष्णताही.

म्हणून शोध सांध्यांपासून सुरू करा. पण आधी वीज बंद. मेन स्विच खाली, किटकॅट फ्यूज काढून स्वतःच्या खिशात, आणि बरोबर दुसरं माणूस. फ्यूज खिशात ठेवण्याचं कारण साधं आहे: तुम्ही पेटीत हात घातलेला असताना घरातलं कुणीतरी येऊन ‘लाइन आली’ म्हणून स्विच वर करू शकतं. मोटारीला कपॅसिटर बसवला असेल, तर वीज बंद केल्यावर निदान दोन मिनिटं थांबा, आणि मग मीटरने दाब शून्य झाल्याची खात्री करा, कारण त्याच्यात वीज साठून राहते. डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर, मात्र चढायचं नाही, तिथला फ्यूजही घालायचा नाही. ते काम लाइनमनचं. तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक दोन्ही राज्यांत चालतो. डीपीवर चढून गेलेली माणसं या शिवारात आणि त्या शिवारात, दोन्हीकडे आहेत. त्यांच्या घरी जाऊन आलेला माणूस ही ओळ हलक्या हाताने लिहीत नाही.

वीज बंद केल्यावर नुसतं बघा आणि वास घ्या. तीन तारांपैकी एकीचंच आवरण स्क्रूजवळ फिकं किंवा तपकिरी पडलं आहे का? स्क्रूच्या डोक्यावर निळसर झाक आहे का? बेकेलाइट तापलं की माशासारखा एक उग्र वास येतो. एकदा नाकात बसला की विसरत नाही. तारा तिन्ही सारख्या जाडीच्या, करंट तिन्हींत सारखा, आणि तापली एकच, तर दोष त्या एकीच्या सांध्यात आहे.

डोळ्याला काही दिसत नसेल तर मेणबत्तीचा उपाय करा. वीज बंद असताना प्रत्येक लगच्या शेजारी, तारेच्या आवरणावर मेणाचा एकेक थेंब टाका. साधं मेण पन्नास-साठ अंशांच्या सुमारास वितळतं. पेटी बंद करून मोटार अर्धा तास चालवा, पुन्हा सगळं बंद करा आणि उघडून पाहा. जो थेंब ओघळला तो सांधा तुमचा चोर. यासाठी चालू वीज असताना पेटीत बोट घालावं लागत नाही, हा याचा सगळ्यांत मोठा गुण. आजकाल लांबून तापमान दाखवणाऱ्या पिस्तुलाची सोय आहे. पण करोनात कपाळावर धरायचं घेतलेलं ते इथं उपयोगाचं नाही, कारण ते अंगातल्या तापापुरतंच मोजतं. कारखान्यात वापरतात ते घ्या. तेही चकचकीत धातूवर धरलं तर चुकीचा आकडा दाखवतं, म्हणून तारेच्या आवरणावर किंवा काळ्या टेपवर धरा.

सांधा सापडला की नुसता स्क्रू आवळून परत फिरू नका. काळं पडलेलं तांबं आवळल्याने बरं होत नाही. तापून कडक झालेला तारेचा भाग, कधी चार बोटं तर कधी वीतभर, कापून टाका. आत लखलखीत तांबं दिसेपर्यंत मागे या. नवा लग घ्या, तो तारेच्या मापाचाच घ्या आणि दाबयंत्राने दाबून बसवा. पक्कडीने चेचलेला लग पहिले दोन महिने चांगला वाटतो. ॲल्युमिनियमच्या बाबतीत तर जास्तच जपा. खांबावरून येणारी तार ॲल्युमिनियमची आणि मोटारीची केबल तांब्याची, असं आपल्याकडे सर्रास असतं. ॲल्युमिनियमवर हवेत लगेच एक पातळ थर चढतो आणि त्यातून वीज जात नाही. शिवाय हा धातू मऊ असल्यामुळे स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू सरकतो आणि आवळलेला स्क्रू आपोआप सैल होतो. आणि तांब्याला ॲल्युमिनियम चिकटवून वर ओल लागली, तर ॲल्युमिनियम गंजत जातं. या दोघांना एकमेकांवर पिळून टेप गुंडाळणं हा आपल्या भागातला सगळ्यांत महाग पडणारा सांधा आहे. दोन धातूंसाठीचा जोडलग मिळतो, तो वापरा. जोड दिल्यावर महिनाभराने वीज बंद करून एकदा पुन्हा आवळा.

पात्रातल्या केबलीचे सांधे पाण्यात किंवा चिखलात राहू देऊ नका. मोटार सरकवायचीच आहे, तर उन्हाळ्यात लागणारी पूर्ण लांबी एकसंध केबलीत घ्या आणि पावसाळ्यात जादा केबल काठावर सैल, मोठ्या वळ्यांत ठेवा. घट्ट गुंडाळून ढिगात ठेवलेली केबल स्वतःच तापते, कारण आतल्या वळ्यांची उष्णता बाहेर पडत नाही. आणि ज्या काठाला लोक स्नानाला उतरतात तिथून जोड असलेली केबल कधीच नेऊ नका. बासरला बाहेरगावची माणसं लेकरांना घेऊन येतात, पहिलं अक्षर गिरवण्याच्या विधीआधी, अक्षराभ्यासाआधी, नदीत उतरतात. त्यांना तुमची केबल कुठून गेली आहे हे ठाऊक नसतं.

आता कॉइलकडे. कॉइल का जळते हे कळलं, की निम्मं काम झालं. हिरवं बटण दाबलं की कॉइलीत करंट जातो, ती लोखंडी तुकड्याला ओढून घेते, त्या ओढीने संपर्क मिटतात आणि मोटार चालू होते. लोखंड दूर असतं त्या क्षणी कॉइल नेहमीच्या कितीतरी पट करंट घेते. लोखंड चिकटलं की करंट आपोआप खाली येतो. हा जादा करंट डोळ्याची पापणी लवेपर्यंतच सोसण्याच्या बेताने कॉइल बनवलेली असते. लोखंड पूर्ण चिकटलंच नाही, मध्ये नखभर फट राहिली, तर जादा करंट चालूच राहतो आणि काही मिनिटांत कॉइलीचा धूर होतो. म्हणजे कॉइल जळाली तर विचारायचा प्रश्न एकच: लोखंड पूर्ण का मिटलं नाही?

कारणं मोजकी आहेत. लोखंडाच्या तोंडावर गंज, धूळ, चिकट तेल. मुंग्या. पेटीत उबेला आलेली पाल, जी नेमकी त्या फटीत चिरडते. कुंभारमाशीने बांधलेलं मातीचं घर. ही तोंडं कोरड्या सुती कापडाने पुसा. कानस लावू नका, ती कारखान्यात एकमेकांना जुळवून घासलेली असतात. तेल किंवा ग्रीस तर मुळीच नको, त्यावर धूळ बसून खळ तयार होते. याच तोंडात तांब्याचं एक लहान कडं बसवलेलं असतं. वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्या प्रत्येक वेळी लोखंड सुटू नये म्हणून ते असतं. कडं तुटलं की स्टार्टर मोठ्याने घुरघुरतो. अशा स्टार्टरला कितीही कॉइली घाला, तो खाणारच. कॉइल नवी घेताना जुनीवर लिहिलेला दाब वाचून घ्या. २४० ची कॉइल ४१५ ला जोडली तर ती संध्याकाळ बघत नाही.

आणि दाबच कमी असेल तर? कमी दाबात कॉइलीला ओढ पुरत नाही, लोखंड धरतं-सोडतं करतं, संपर्कांवर ठिणग्या पडतात, ते खडबडीत होतात, तापतात आणि कधी एकमेकांना चिकटून बसतात. मग लाल बटण दाबूनही मोटार बंद होत नाही. असं झालं तर गोंधळू नका, सरळ मेन स्विच खाली पाडा. संपर्क काळे दिसले म्हणून पॉलिश पेपरने घासू नका. त्यांवर चांदीचा मिश्रधातू असतो, त्याचा काळेपणा फारसा आड येत नाही. घासल्याने मात्र चांदी जाते आणि पेपरची पूड आत राहते. खड्डे पडले असतील तर स्प्रिंगांसह तिन्ही संपर्क एकदम बदला.

कमी दाबाचं एक कारण आपणच तयार करतो. तेलंगणात १ जानेवारी २०१८ पासून शेतीला चोवीस तास वीज द्यायला सुरुवात झाली, तेव्हा ऑटो-स्टार्टर काढून टाका असं शेतकऱ्यांना सांगण्यात आलं. महाराष्ट्राच्या बाजूला वीज पाळीने येते म्हणून ऑटो तिथं अजून लागतो. रात्री दोनला लाइन आली तर कोण उठून जाणार, हे मलाही कळतं. पण एका डीपीवरच्या पंधरा मोटारी लाइन येताच एकाच क्षणी उठल्या तर काय होतं पाहा. सुरू होताना मोटार चालू करंटच्या सहापट करंट घेते. पंधराही जणी एकदम मागतात, दाब कोसळतो आणि पंधराही स्टार्टर घुरघुरायला लागतात. ऑटो ठेवायचाच असेल तर उशिराने सुरू होणारा घ्या आणि डीपीवरच्या सगळ्यांनी मिळून वेळा वाटून घ्या, एकाला अर्धं मिनिट, दुसऱ्याला एक मिनिट. हिरव्या बटणाला लाकडाची पाचर मारणं हे याचंच जास्त धोक्याचं रूप. पाचर काढा.

एक फेज जाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथं चांगले मिस्त्रीही फसतात. डीपीवर तुमच्या एका फेजचा फ्यूज उडाला आहे, पण शेजाऱ्यांच्या मोटारी दोन फेजवर कण्हत चालूच आहेत. त्यांच्या वायंडिंगमधून त्या मेलेल्या तारेत उलटा दाब येतो. तुम्ही टेस्टर लावता, तिन्हींवर दिवा लागतो, आणि ‘तिन्ही फेज आहेत’ म्हणून मोटार चालू करता. तीही मग दोन फेजवर ओढत राहते, उरलेल्या दोन तारांतला करंट पावणेदोन पट किंवा त्याहून वर जातो, आणि तासाभरात वायंडिंग जळतं. म्हणून टेस्टरवर विश्वास ठेवू नका. मीटरने दोन-दोन फेजमधला दाब मोजा, तिन्ही जोड्यांचा. समजा ४०५, ४०० आणि ३८० आले. सरासरी ३९५. सरासरीपासून सर्वांत लांबचा आकडा १५ ने दूर, म्हणजे पावणेचार टक्के असमतोल. ऐकायला किरकोळ वाटतो. पण एवढ्या असमतोलाने वायंडिंगचं तापणं पंचवीस-तीस टक्क्यांनी वाढतं. आणि वायंडिंग कायम दहा अंश जास्त तापत राहिलं तर त्याच्या आवरणाचं आयुष्य निम्मं होतं, हा मोटार भरणाऱ्यांच्या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. एक फेज गेली की मोटार बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवा. एकदा मोटार भरून घ्यायच्या खर्चापुढे तो स्वस्तच पडतो.

दोष लाइनीत की मोटारीत, हे ठरवायची एक सुंदर युक्ती आहे. क्लॅम्प मीटरने तिन्ही तारांचा करंट मोजून लिहा. एका तारेत जास्त आला तर वीज बंद करून मोटारीच्या तिन्ही तारा एकेक घर पुढे सरकवा: पहिली दुसरीच्या जागी, दुसरी तिसरीच्या, तिसरी पहिलीच्या. अशाने मोटार उलटी फिरत नाही. पुन्हा मोजा. जास्तीचा करंट त्याच फेजवर राहिला तर दोष लाइनीकडे, लाइनमनला बोलवा. तो तारेबरोबर सरकला तर दोष केबलीत किंवा मोटारीत.

ओव्हरलोड रिलेबद्दल एकच विनंती: तो वारंवार पडतो म्हणून त्याची चकती पुढे सरकवू नका, आणि त्याला वगळून डायरेक्ट जोडणी तर कधीच नको. चकती मोटारीच्या पाटीवरच्या अँपिअरवर ठेवा. करंट बरोबर असूनही रिले पडत असेल तर पेटी कुठं टांगली आहे ते पाहा. मे महिन्यात पश्चिमेकडे तोंड करून उन्हात टांगलेली पत्र्याची पेटी आतून भट्टी होते, आणि रिले उष्णतेवरच चालतो. तिला छप्पर करा, पांढरा रंग द्या, भोकांना बारीक जाळी लावा. पालही थांबेल. रिले एका गोष्टीत मात्र मदत करत नाही, हे ध्यानात असू द्या. मोटार कोरडी चालली तर करंट वाढत नाही, उलट कमी होतो, आणि रिले गप्प राहतो. फुगवटा ओसरल्यावर गाळात रुतलेली किंवा निम्मी उघडी पडलेली पाणबुडी मोटार अशीच जळते, कारण तिला थंड ठेवणारं पाणीच भोवती नसतं. कोरडी चालताच बंद करणारं पॅनेल घ्या, आणि मोटार गाळावर न टेकवता तिवईवर किंवा तराफ्याला टांगून ठेवा.

फ्यूजमध्ये हाताला आला तो तारेचा तुकडा घालणं, पेटीला अर्थिंग नसणं, हे दोन्ही दोष सगळ्यांना माहीत आहेत आणि तरी ते दर तिसऱ्या पेटीत असतात. या आठवड्यात दुरुस्त करा. पाच अश्वशक्तीला दोन केव्हीएआरचा कपॅसिटर लावला तर लाइनीतला करंट उतरतो आणि कपॅसिटरच्या अलीकडचे, लाइनीकडचे सांधे थोडे थंड राहतात.

या सगळ्या कामाला वर्षातला एक दिवस ठरवून घ्या. मी खंडेनवमी धरतो. तेव्हा खरीप आवरत आलेलं असतं, पाणी भरपूर असतं, रब्बीची धावपळ अजून लागायची असते, आणि मोटारीची पूजा तर आपण त्या दिवशी करतोच. पूजेच्या आधी वीज बंद करून पेटी उघडा, पुसा, सांधे पाहा, आवळा. हळदकुंकू आणि हार पेटीच्या बाहेरून. मग मोटार चालवून क्लॅम्प मीटर लावा आणि पेटीच्या झाकणावर आतून, रंगाने, तारखेसह तीन आकडे लिहा: आर ७.२, वाय ७.४, बी ७.३. पुढच्या खंडेनवमीचे आकडे त्याच्या खाली लिहायला जागा सोडा.